अन्नवस्त्र आणि भाषा : रायगड किनारपट्टीवरून पाहिलेला कर्णबधिरांच्या सेवेचा इतिहास

प्रास्ताविक

रेवस बंदरातून सुटलेली लाँच भाऊच्या धक्क्याला लागते, तो भाग माझगावचा. त्याच माझगावात, नेसबिट रोडवर, भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा आहे. मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने ती १८८५ मध्ये सुरू झाली. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील माणसे कामधंद्यासाठी, औषधपाण्यासाठी आणि शिक्षणासाठी पिढ्यान्‌पिढ्या खाडी ओलांडून मुंबईस जात आली. ऐकू न येणाऱ्या मुलाला तर भाषा मिळविण्यासाठीच खाडी ओलांडावी लागली. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, पूल झाले, मांडव्याला २०२० मध्ये रो-रो बोट आली. परंतु या मुलाचा प्रवास फारसा बदललेला नाही.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील कर्णबधिरांच्या सेवेचा इतिहास एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिला आहे. धर्मादाय संस्था, शासन आणि अलीकडे उद्योगसमूह यांच्या भागीदारीतून या क्षेत्रात इमारती उभ्या राहिल्या, यंत्रे आली, अनुदाने आली. मात्र या मुलांच्या सहवासात जी माणसे दिवसरात्र असतात, म्हणजे वसतिगृहातील काळजीवाहक, मदतनीस, अंगणवाडी सेविका आणि घरची आई, त्यांच्या प्रशिक्षणाचा विचार सर्वांत शेवटी का झाला, हा तो प्रश्न होय.

शब्दांविषयी प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट ठरेल. जुन्या मराठीत 'मूकबधिर' हा शब्द सर्रास वापरला जाई व अनेक शाळांच्या नावांत तो आजही आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याचा कंठ बहुधा निर्दोष असतो. बोलणे कानावर न पडल्याने ते त्याला येत नाही, इतकेच. म्हणून 'मूक' गळून 'कर्णबधिर' हा शब्द रूढ झाला. बधिर म्हणजेच बहिरा असताना मागे 'कर्ण' कशाला, असा आक्षेप काही भाषाभ्यासक घेतात. पण दाढ काढताना जबडाही बधिर करतात, हे लक्षात घेतले तर मराठीपुरता तरी तो शब्द व्यर्थ ठरत नाही.

वाटा आणि पोषण

इतिहासाची सुरुवात शाळेपासून न करता वारसाहक्कापासून करावी लागते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, वेडा, मुका इत्यादींना वडिलोपार्जित संपत्तीत वाटा नाकारलेला आहे. मात्र लगेच पुढच्याच श्लोकात, वाटा घेणाऱ्यांनी अशांना आयुष्यभर अन्नवस्त्र द्यावे, असेही बजावले आहे. मिताक्षरेने हा नियम स्वीकारला आणि ब्रिटिश न्यायालयांनी तो हिंदू कायदा म्हणून चालविला. अपात्र ठरलेल्या माणसाच्या निर्दोष मुलाला वाटा मिळू शके, त्याला स्वतःला नाही. १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) अधिनियमाने मिताक्षरा पद्धतीपुरती ही स्थिती बदलली व जन्मतः वेडसर वा मूढ असलेल्यांखेरीज इतरांची अपात्रता संपुष्टात आली.

या नियमाला केवळ क्रूर म्हणणे सोपे आहे. वास्तविक त्यात एक प्रकारची व्यवस्था होती. बहिरा भाऊ उपाशी मरणार नाही, याची हमी होती. परंतु त्याला विचारले जाणार नाही, त्याची सही लागणार नाही, व्यवहारात त्याचा शब्द धरला जाणार नाही, हेही त्याच व्यवस्थेत गृहीत होते. पोषण त्याचे आणि निर्णय इतरांचा, अशी ही विभागणी होती. कायदा १९२८ मध्ये बदलला. सेवाभावी कार्याच्या मांडणीत मात्र ही विभागणी बराच काळ टिकून राहिली, असे माझे मत आहे.

शिरगणतीचीही कथा काहीशी अशीच. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या खानेसुमारीत वेडे, जन्मतः मूकबधिर, आंधळे आणि कुष्ठरोगी अशी 'व्यंगां'ची वेगळी नोंद होत असे. त्यानंतर पन्नास वर्षे ही नोंद बंद पडली. १९८१ मध्ये ती अंशतः परतली. तीत पूर्णतः आंधळे, पूर्णतः पांगळे आणि पूर्णतः मुके असे तीनच गट होते. बहिरेपणाला रकानाच नव्हता. २००१ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे १२.६ लाख निघाली, तर २०११ मध्ये ती सुमारे ५०.७ लाख झाली. दहा वर्षांत बहिरेपणाची साथ आली नव्हती. व्याख्या बदलली होती. २००१ मध्ये श्रवणयंत्र लावून ऐकू येणारी व्यक्ती गणनेतून वगळली होती. २०११ मध्ये तिला धरले आणि नेहमीचे बोलणे ऐकण्यास अडचण येणाऱ्यांनाही धरले. यंत्र कानाला लावले की बहिरेपण संपले, ही समजूत २००१ पर्यंत सरकारी प्रपत्रातही होती, हे येथे विशेष नोंदण्यासारखे आहे.

मिलानचा ठराव आणि माझगावची शाळा

माझगावची शाळा सुरू होण्याच्या पाच वर्षे आधी, सप्टेंबर १८८० मध्ये, इटलीतील मिलान येथे बधिर-शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हातांच्या खुणांनी शिकविणे सोडून केवळ वाणीने शिकवावे, असा ठराव तेथे मोठ्या बहुमताने संमत झाला. १६४ प्रतिनिधींत स्वतः बधिर असलेला एकच होता. पॅरिसमध्ये अठराव्या शतकात आबे द लेपे या धर्मगुरूने गरीब बधिर मुलांसाठी शाळा काढून खुणांच्या भाषेला शिक्षणात जे स्थान दिले होते, ते या ठरावाने युरोपभर काढून घेतले. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथील परिषदेने या ठरावांविषयी खेद व्यक्त केला. मध्ये १३० वर्षे गेली होती.

भारतात माझगावनंतर १८९३ मध्ये कलकत्त्यास आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लॉरेन्स स्वेन्सन यांच्या प्रयत्नाने पाळेयमकोट्टै येथे शाळा निघाली. म्हणजे आपल्याकडील बधिर-शिक्षणाचा जन्मच मिलाननंतरचा आहे. वाणीपद्धतीच्या शाळांत शिक्षकाला मिळणाऱ्या प्रशिक्षणाचा मोठा भाग मुलाचे हात थांबविण्याचा आणि ओठ हलविण्याचा होता.

ओठवाचनाच्या मर्यादा मराठीच्या अंगाने पाहण्यासारख्या आहेत. प, ब, म हे तिन्ही वर्ण ओठ मिटूनच उच्चारले जातात. नाक आणि कंठ यांतील फरक डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे 'पाय', 'बाय' आणि 'माय' हे तीन शब्द ओठांवर अगदी एकसारखे दिसतात. आगरी-कोळी घरात 'बाय' ही दिवसातून शंभरदा येणारी हाक. आई आपल्याला हाक मारते आहे, आजीविषयी बोलते आहे की पायाला लागले का म्हणून विचारते आहे, हे मुलाने प्रसंगावरून ताडायचे. क आणि ग तर घशातच होतात. ओठांवर त्यांचा मागमूसही उमटत नाही. उरलेले ऐकणे असलेल्या, लवकर यंत्र मिळालेल्या मुलाला ओठवाचनाची चांगली मदत होते, हे नाकारता येणार नाही. केवळ ओठांवर भाषा उभी करणे मात्र बहुसंख्य मुलांना जमले नाही.

मग ही मुले एकमेकांशी बोलत कशी होती? हातांनी. वर्गात जे चालत नसे ते वसतिगृहात, जेवणाच्या पंगतीत आणि खेळाच्या मैदानावर चाले. मोठी मुले लहानांना शिकवीत. भारतीय सांकेतिक भाषा कोणी बसून तयार केलेली नाही; बधिरांच्या शाळा, वसतिगृहे आणि मंडळे हेच तिचे घर. मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आदी संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, तेव्हा मुंबई हे त्यांच्या अभ्यासाच्या केंद्रांपैकी एक होते. या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, हे त्यानंतर शास्त्रीयदृष्ट्या मान्य झाले.

येथे एक विसंगती उद्भवते, आणि या लेखातील मुख्य मुद्दा तोच आहे. पदविकाधारक शिक्षक प्रशिक्षणामुळेच मुलांच्या भाषेपासून दूर राहिला. ताट वाढणारी, केस विंचरणारी, रात्री ताप आल्यावर उशाशी बसणारी मावशी कोणत्याही प्रशिक्षणाविना मुलांच्या थोड्याफार खुणा उचलत गेली. परंतु संस्थेच्या दृष्टीने ती 'चतुर्थश्रेणी'. तिच्या या ज्ञानाला कोठे नोंद नाही, वेतन नाही, नाव नाही. दोघांच्या मध्ये मूल राहिले.

संस्था, अनुदान आणि प्रशिक्षण

स्वातंत्र्यानंतर सेवाकार्याला कायद्याची चौकट मिळाली. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात दारिद्र्य वा दुःख यांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य आणि सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्टे अशी धर्मादाय हेतूंची विभागणी आहे. बधिरांसाठी काम करणारी संस्था यांपैकी कोणत्या हेतूत बसते? व्यवहारात शिक्षण आणि दुःखनिवारण दोन्ही लिहिले जाते. खर्चाच्या बाजूला कोणता हेतू जड होतो, यावर मुलाचे भवितव्य ठरते. राज्यातील विशेष शाळांचा ढाचा साधारणपणे असा बनला : जागा व व्यवस्थापन स्वयंसेवी संस्थेचे, मान्यता व वेतन-अनुदान शासनाचे, उरलेसुरले देणगीदारांचे. ही भागीदारी टाकाऊ मुळीच नव्हती. तिच्याविना तालुक्याच्या गावी बधिर मुलांची शाळा निघालीच नसती.

मनुष्यबळाच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा म्हणजे ९ ऑगस्ट १९८३ रोजी वांद्रे येथे स्थापन झालेली राष्ट्रीय श्रवणविकलांग संस्था. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. श्रवणतज्ज्ञ, वाचाउपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक घडविण्याचे काम येथे मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमाने अशा व्यावसायिकांची नोंदणी आणि अभ्यासक्रमांची मान्यता बंधनकारक केली. चालू शतकाच्या प्रारंभी याच वांद्र्याच्या संस्थेत सांकेतिक भाषेचे अध्यापन आणि दुभाषांचे प्रशिक्षण यांना आकार आला. जर्मन भाषाशास्त्रज्ञ उलरिके झेशान यांनी वसिष्ठ व मेहेर सेठना यांच्यासमवेत २००५ मध्ये त्या कामाचा आढावा प्रसिद्ध केला. ज्या शहरात हात बांधून शिकविण्याची परंपरा रुजली, त्याच शहरात हातांना पुन्हा वर्गात प्रवेश मिळाला. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशाने २०२१ पर्यंत दहा हजार नोंदींचा टप्पा गाठला.

या सर्व व्यवस्थेत एका धाकट्या प्रवाहाने काळजीवाहकाचा प्रश्न सर्वांआधी ओळखला. तो म्हणजे बधिरांधांच्या शिक्षणाचा. बेरोझ वाच्छा यांनी १९७७ मध्ये मुंबईत सुरू केलेली हेलन केलर संस्था ही या क्षेत्रातील देशातली पहिली. ज्या मुलाला ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही, त्याची भाषा स्पर्शाची. तळहातावर केलेली खूण म्हणजे त्याचा शब्द. अशा मुलाच्या बाबतीत 'शिकविणे' आणि 'सांभाळणे' ही दोन कामे वेगळी करताच येत नाहीत. आंघोळ घालताना बादलीला हात लावून द्यायचा, कपडा हातात देऊन मग अंगावर घालायचा, येताना आणि जाताना आपली ओळख स्पर्शाने सांगायची. हाच त्याचा अभ्यासक्रम. शिक्षक वर्गापुरता आणि मावशी खोलीपुरती, ही वाटणी तेथे पहिल्याच दिवशी कोसळते.

ब्रिटनमध्ये १९५५ साली रुबेलाग्रस्त मुलांच्या मातांनी एक मंडळ स्थापन केले; त्यातून 'सेन्स' ही संस्था वाढली. तिच्या प्रेरणेने १९९७ मध्ये अहमदाबाद येथे सेन्स इंटरनॅशनलचे भारतातील काम सुरू झाले. स्वतःच्या शाळा बांधण्याऐवजी स्थानिक संस्थांशी भागीदारी करून त्यांचे कार्यकर्ते घडवायचे आणि ते घरोघर पाठवायचे, ही त्या कामाची रीत. म्हणजे परदेशी मदत येथे विटा-सिमेंटात न जाता माणसाच्या हातांत गेली. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला झालेला रुबेला हे जन्मजात बहिरेपणाचे एक मोठे कारण आहे. त्यावरील लस देण्याची राज्यव्यापी मोहीम महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस झाली, हे जाता जाता नमूद करतो.

किनाऱ्यावरील वास्तव

रायगडची किनारपट्टी उद्योगांनी गजबजलेली आहे. थळचा खत कारखाना, उरणचे बंदर, डोलवीचा पोलाद कारखाना ही त्याची ठळक उदाहरणे. २०१३ च्या कंपनी अधिनियमातील कलम १३५ नुसार, ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात. विशेष शिक्षण हा विषय त्या अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत स्पष्टपणे आहे. सेवाकार्याच्या भागीदारीत हा नवा भिडू. त्याच्या खर्चाला वार्षिक अहवाल जोडावा लागतो आणि अहवालात मोजता येईल ते चांगले दिसते. वाटलेली श्रवणयंत्रे मोजता येतात. एखाद्या मदतनीस बाईंना सहा महिन्यांत किती खुणा आल्या, हे मोजणे अवघड. हा कोणा एका उद्योगाचा दोष नव्हे, नोंदीच्या पद्धतीचा आहे.

श्रवणयंत्राचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. केंद्र शासनाच्या १९८१ पासूनच्या साहाय्यक उपकरणे योजनेत आणि विविध शिबिरांत यंत्र मोफत मिळते. परंतु यंत्र हे चष्म्यासारखे नाही. कानात बसणारा साचा मूल वाढते तसा सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. तो ठरावीक काळाने नव्याने करावा लागतो. बॅटरी संपते. आमच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते. यंत्राच्या नळीत पाणी धरणे ही तर नित्याची बाब. रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवणे, सकाळी नळी पाहणे आणि तोंड झाकून 'आ, ई, ऊ, म, श, स' हे सहा ध्वनी काढून मूल प्रतिसाद देते का ते पाहणे, हे दोन-तीन मिनिटांचे काम आहे. डॅनियल लिंग यांनी रूढ केलेली ही चाचणी आहे आणि हे सहाही ध्वनी मराठीत आहेत. ती करण्यास पदवी लागत नाही, मात्र कोणीतरी एकदा नीट दाखवावे लागते. तेवढे न झाल्याने हजारो रुपयांची यंत्रे ट्रंकेत पडून राहतात आणि 'पालकांत जागृती नाही' असा शेरा अहवालात येतो.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरानिमित्त किनाऱ्यावरील एका गावात गेलो असता तेथील अंगणवाडी सेविकेने मला विचारले, "सर, ह्याला हाक कशी मारायची?" समोर चार वर्षांचा मुलगा पाठमोरा बसून चाळणीतून वाळू गाळत होता. मी इतिहासाचा प्राध्यापक. मला उत्तर आले नाही. सेविका म्हणाली की ती त्याच्या समोर जाऊन बसते, त्याने वर पाहीपर्यंत. पुढे वाचनात आले की समोर येणे, नजरेच्या टप्प्यात हात हलविणे किंवा खांद्यावर हलकेच स्पर्श करणे हीच सर्वमान्य रीत आहे. तिला ते कोणी शिकविले नव्हते. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी अंतर्भूत आहे, आणि तपासणी पथके अंगणवाडीतही येतात. निदान होते, संदर्भचिठ्ठी मिळते. चिठ्ठी घेऊन जाणे म्हणजे पुन्हा लाँच, एसटी, मजुरी बुडणे. दरम्यानच्या काळात मुलाशी काय बोलायचे, हे चिठ्ठीवर नसते. मेंदूची भाषा शिकण्याची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. तो काळ वाट पाहण्यात जातो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दोन्ही कानांत ७० डेसिबल वा अधिक श्रवणऱ्हास असलेल्यास 'बधिर' आणि ६० ते ७० डेसिबलपर्यंतच्या ऱ्हासास 'ऐकू येण्यास जड' अशी व्याख्या केली, तसेच संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश केला. राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. अन्नवस्त्राच्या पलीकडे वाटा मान्य करणारे हे कायदे आणि व्यवस्था आहेत. परंतु वाट्याची मागणी करायलाही भाषा लागते.

२०२० चे वर्ष

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि निवासी शाळांतील मुले घरी पाठविण्यात आली. ज्या वसतिगृहात हातांनी बोलणारे पन्नास-साठ सोबती होते, तेथून ती अशा घरी गेली जेथे आईवडिलांना 'जेव', 'झोप', 'नको' यापलीकडे खुणा येत नव्हत्या. रस्त्यावर, दुकानात, दवाखान्यात मुखपट्टी आली आणि ओठ झाकले गेले. वाणीपद्धतीने शिकलेल्यांचाही आधार तुटला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. पूर्वसूचना भोंग्यावरून, ध्वनिक्षेपकावरून आणि भ्रमणध्वनीवरून दिली गेली होती. वादळानंतर कित्येक गावांत अनेक दिवस, काही ठिकाणी काही आठवडे, वीज नव्हती.

अंधारात खुणा दिसत नाहीत. ऐकणाऱ्यांच्या घरात वीज गेली तरी गप्पा चालू राहतात, किंबहुना रंगतात. हातांनी बोलणाऱ्याच्या घरात दिवा विझला की बोलणे थांबते. वसतिगृहात रात्री एक दिवा जळत ठेवायचा आणि तो तोंडावर न येता हातांवर पडेल असा ठेवायचा, ही काळजीवाहकांच्या प्रशिक्षणातील अगदी प्राथमिक बाब आहे. त्या जूनमध्ये मुले वसतिगृहात नव्हती; ती आपापल्या घरी, पत्रे उडालेल्या छपराखाली होती, आणि कंदील सहसा चुलीपाशी ठेवलेला असे.